तो ढग नव्हता, दगड होता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या मुंबई पुरवणीत गेल्या मंगळवारी शाळांच्या स्नेहसंमेलनांची छायाचित्रं आली आहेत. त्यातलं खालच्या ओळीतलं उजवीकडचं आमच्या नातवाच्या शाळेचं. खाली ओळ छापली आहे : 'पाऊस आला धावून! ढग आणि छत्र्यांच्या वेशात रंगलेले चिमुकले.' मधोमध करड्या चादरीत गुंडाळलेला, ज्याचं फक्त नाक आणि चष्मा दिसतोय, तो आमचा नातू. तो ढग नाही, दगड आहे. भोवती काळं कापड पसरून उभ्या असलेल्या पाच मुली छत्र्या नाहीत, वटवाघळं आहेत. पंख जुन्या छत्र्यांच्या कापडाचे केले होते हे मान्य, पण तारा आम्ही काढल्या होत्या.

नातू तिसरीत आहे. मंगळवारपासून वर्गात त्याला 'ए ढगा' म्हणतात. त्याने माझ्याकडे तक्रार दिली आहे, मी ती आपल्याकडे पाठवते. पत्र लांबणार, कारण दगड कुठला आणि गोरेगावात कसा आला, हे सांगावं लागेल. कापायचंच झालं तर मधलं कापा, दगड ठेवा.

नोव्हेंबरात पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शाळेचा निरोप आला. संमेलनाची संकल्पना : देशोदेशीचे लोक. तिसरी 'ब'ला 'रेड इंडियन'. साहित्य : पिसांचा मुकुट, प्लास्टिकची कुऱ्हाड, तपकिरी झगा, गालांवर लाल-पांढरे पट्टे. शेवटी सूचना होती की, तोंडावर हात आपटत 'ऊ ऊ ऊ' असा आवाज काढण्याचा सराव पालकांनी घरी करून घ्यावा.

सून नोकरी करते, तेव्हा दादरला ड्रेपरीवाल्याकडे मी गेले. एका दिवसाचं भाडं साडेचारशे, अनामत पाचशे. मुकुटाची पिसं कोंबडीची, रंगवलेली, त्यातली दोन चक्क गुलाबी. दुकानातल्या मुलाने विचारलं, "आजी, रेड इंडियन पाहिजे की आफ्रिकन? पिसं तीच आहेत, कमरेचं गवत वेगळं." मी अनामत न भरता परत आले. दादर ते गोरेगाव धीम्या गाडीत माझं डोकं शांत होत नव्हतं, आणि रागातला निम्मा राग स्वतःवर होता.

त्याचं कारण असं. मी अठ्ठावीस वर्षं अध्यापक विद्यालयात मानसशास्त्र शिकवलं. दरवर्षी ऑगस्टात फळ्यावर त्रिकोण काढायचे, त्याच्या आडव्या पाच पट्ट्या पाडायचे आणि मास्लो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची गरजांची श्रेणी सांगायचे : तळाला अन्नपाणी, टोकाला आत्मसिद्धी. डी.एड.च्या पेपरात तो प्रश्न हमखास यायचा, मुली त्रिकोण पट्टीने काढून वर रंगीत पेन्सिल फिरवायच्या. हा मास्लो १९३८च्या उन्हाळ्यात सुमारे सहा आठवडे कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात सिक्सिका या आदिवासी लोकांच्या वस्तीवर जाऊन राहिला होता, हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं. ते कळलं निवृत्तीनंतर, लेकीच्या बाळंतपणाला कॅलगरीला गेले तेव्हा. तिथून सिक्सिकांची वस्ती पूर्वेला तासाभरावर आहे.

हल्ली एक संदेश फिरतो की, मास्लोने तो त्रिकोण या लोकांच्या टिपीवरून, म्हणजे त्यांच्या शंकूसारख्या तंबूवरून चोरला. त्यात तथ्य नाही. १९४३ सालच्या त्याच्या मूळ लेखात त्रिकोणच नाही, तो नंतर इतरांनी काढला. मग चोरणार काय? पण तिथे त्याने जे डोळ्यांनी पाहिलं आणि पुढे लिहून ठेवलं, ते मी त्या त्रिकोणाऐवजी शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

एक लहान पोर, नुकतं चालायला लागलेलं, लाकडी खोलीचं जड दार ढकलत होतं. दार हलेना. आत मोठी माणसं बसलेली. कुणी उठलं नाही. पोर कण्हतंय, घामाघूम होतंय, आणि हे सगळे अर्धा तास बसून राहिले. शेवटी दार उघडलं तेव्हा सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. मास्लो म्हणतो, आपल्यापैकी कुणी असता तर उठून दार उघडून दिलं असतं. त्या मुलाचा मान माझ्यापेक्षा त्यांनी अधिक राखला.

आमच्याकडे सकाळी सहा पन्नासला शाळेची व्हॅन येते. नातवाला बुटाची नाडी बांधता येते, पण चार मिनिटं लागतात. खालून हॉर्न वाजतो, आणि बालमानसशास्त्र शिकवलेली मी वाकते आणि बांधून टाकते. अर्धा तास सोडा, ती चार मिनिटं माझ्याकडे नसतात.

दुसरी हकीकत सात-आठ वर्षांच्या मुलाची. त्याच्या नावावर घोडे होते, गुरं होती आणि एक पवित्र गाठोडं होतं. आपल्या देव्हाऱ्यात पूर्वजांचे टाक असतात, तितक्या मोलाची ही वस्तू. तिच्याबरोबर तिची गाणी, तिचे विधी येतात. एका मोठ्या माणसाने ते विकत मागितलं. आईबापांनी 'हो' म्हटलं नाही, 'नाही'ही म्हटलं नाही, कारण गाठोडं मुलाचं होतं. मुलगा एकटा रानात गेला. दोन-तीन दिवस-रात्री तिथेच मुक्काम करून विचार केला, कुणाचा सल्ला घेतला नाही, आणि परत येऊन आपला निर्णय सांगितला. आमच्या सोसायटीत सात वर्षांच्या मुलाला लिफ्टमध्ये एकटं जाऊ देत नाहीत. तेही बरोबरच आहे म्हणा, आमची लिफ्ट तशी आहे.

आता हे लोक कोण ते सांगते. ब्लॅकफूट हे त्यांचं इंग्रजी नाव सिक्सिका या त्यांच्याच शब्दाचं भाषांतर. सिक्सिका म्हणजे काळा पाय. त्यांचे चामड्याचे जोडे काळे असत, त्यावरून ते पडलं असं सांगतात. एकूण चार गट : कॅनडात सिक्सिका, कायनाय आणि पिकानी, आणि सीमेपलीकडे अमेरिकेच्या मोंटाना राज्यात आमस्कापी पिकानी. कॅनडात सरकारी कागदावर 'ब्लॅकफूट', अमेरिकेत 'ब्लॅकफीट'. सीमा ओलांडली की एकवचनाचं अनेकवचन होतं, एवढाच फरक. स्वतःला ते निट्सिटापी म्हणवतात, म्हणजे खरे लोक. कोलंबसाच्या चुकलेल्या दिशेवरून पडलेलं 'इंडियन' हे नाव आपण, जे खरोखरचे इंडियन, त्यांना 'रेड' लावून अजून वापरतो, याची मला गंमत वाटते.

कॅलगरीला दुसऱ्यांदा गेले तेव्हा नात सहा वर्षांची होती. जावयांनी आम्हाला फोर्ट मॅक्लाउडजवळच्या कड्यावर नेलं. त्याचं इंग्रजी नाव ऐकूनच अंगावर काटा येतो, 'डोकं चेचलं ती जागा' असा त्याचा अर्थ. युनेस्कोने १९८१मध्ये त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला. सुमारे सहा हजार वर्षं या कड्यावरून बायसनचे, म्हणजे तिथल्या केसाळ रानगव्यांचे, कळप खाली पाडत. घोडा त्यांच्याकडे अठराव्या शतकात आला. त्याआधी सगळं पायी, आणि ओझं ओढायला कुत्रे. दोन लांब काठ्या कुत्र्याच्या खांद्याला बांधून मागे जमिनीवर ओढत न्यायच्या, वर सामान, कधी तान्हं पोर. त्या काळात कळप हाकायचा म्हणजे अक्कलहुशारीचं काम. माळावर दगडांच्या लहान लहान राशींची मैलोगणती रांग मांडलेली असे. चपळ तरुण वासराचं किंवा लांडग्याचं कातडं पांघरून कळपाला त्या रांगांच्या मध्ये आणत. कडा दिसेपर्यंत मागच्या जनावरांचा रेटा इतका वाढलेला असे की, पुढच्यांना थांबता येत नसे.

नाव पडलं ते एका मुलामुळे, असं सांगतात. शिकार खालून बघावी म्हणून तो कड्याच्या पोटाशी, आडोशाला उभा राहिला. त्या दिवशी कळप मोठा होता. वरून जनावरं पडत राहिली, ढीग वाढत गेला. शिकार कापायला लोक खाली आले तेव्हा मुलगा कड्याला चिकटून, डोकं चेचलेल्या अवस्थेत सापडला. नातीने ते ऐकलं आणि विचारलं, "त्याच्या आईने त्याला जाऊ कसं दिलं?" मला दाराजवळचं ते पोर आठवलं. मी गप्प बसले, आणि माझं तोंड वाऱ्यानेही बंद झालं होतं. तिथला वारा आपल्या पावसाळी मरीन ड्राइव्हच्या तिप्पट. मी मुंबईहून नेलेली घडीची छत्री तिथेच उलटी होऊन गेली. तिचं कापड मी परत आणलं. ते पुढे वटवाघळाला लागलं.

तिथल्या बालपणाबद्दल मी नंतर जे वाचत गेले, त्यातलं काही माझ्या गिरगावच्या चाळीतल्या आजीने सांगावं असं आहे. बाळाला सुक्या शेवाळात गुंडाळत. ते मऊ, ओल शोषणारं, खराब झालं की टाकून द्यायचं. पडलेली नाळ मण्यांच्या छोट्या पिशवीत शिवून जपत. माझ्या धाकट्या भावाची वाळलेली नाळ आजीने चिंधीत बांधून कोनाड्यात ठेवलेली मला आठवते. कॅलगरीच्या हॉस्पिटलात मी विचारलं तेव्हा नर्सला आधी प्रश्नच कळला नाही.

नाव ठेवायचं काम म्हाताऱ्यांचं, बहुधा आपल्याच एखाद्या पराक्रमावरून. मुलगा मोठा झाला, काही करून दाखवलं की नाव बदलायचं. त्यांचा प्रसिद्ध पुढारी क्रोफुट, मूळ उच्चार इसापो-मुक्सिका, हे त्याचं जन्माचं नाव नव्हे. त्याआधी त्याची दोन-तीन नावं होऊन गेली होती. मुलींची नावं मात्र सहसा बदलत नसत. आपल्याकडे उलटं, बदलायचं ते बाईने. माझं एकदा बदललं, लेकीचं बदलू दिलं नाही.

मुलगे थंडीत बायसनच्या फासळ्या कातड्याने बांधून घसरगाडी करत आणि बर्फाच्या उतारावरून सुसाट येत. घरंगळत्या चाकातून बाण मारायचे, गोठलेल्या पाण्यावर भोवरे फिरवायचे. अंग कणखर व्हावं म्हणून कडाक्याच्या थंडीत बर्फगार पाण्यात उडी घ्यायला लावत. जरा मोठा झाला की घोडे राखायचे. मुलींच्या लहान टिपी असत, त्यात बाहुल्या. आईच्या तंबूशेजारी तिचा तंबू. आईचा तंबू म्हणजे खरोखर आईचा : टिपी बाईच्या मालकीची, ती शिवायची, उभारायची, उतरवायची तिनेच, आणि दार पूर्वेला. मांस उन्हात वाळवून, कुटून, चरबी घालून ठेवायचं, त्यात सास्काटून नावाची जांभळट फळं. वर्सोव्याला बांबूंवर बोंबील वाळत घातलेले पाहिलेत त्यांना ही बेगमीची खटपट वेगळी समजवायला नको. फक्त तिथे पाऊस नव्हे, सहा महिन्यांचा हिवाळा दारात उभा असे.

पोरं वाढली की त्यांची मंडळं होत. मंडळांची चढती रांग असे, आणि वरच्या मंडळाकडून त्याची गाणी, नाच, हक्क विकत घेऊन अख्खी तुकडी एक पायरी वर सरके. एका मंडळाचं नाव कबुतरं, एकाचं डास. हे डास मनगटाला गरुडाची नखं बांधून वस्तीत फिरत आणि सापडेल त्याला ओरखडत. जो ओरडेल त्याला जास्त. आमच्या चाळीच्या बालमित्र मंडळाची वर्गणीची पद्धत यापेक्षा फार वेगळी नव्हती. आणखी एक रीत : जावयाने सासूकडे बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, समोरासमोर आलेच तर एकाने वाट सोडायची. हे मी जेवताना सांगितलं तेव्हा आमच्या जावयांनी ताटातून मान वर केली नाही, पण त्यांचे खांदे हलत होते.

या सगळ्यात मला जे सोडवत नाही ते कृत्तिकांचं. आपल्या सहा कृत्तिका म्हणजे कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या सहा आया. त्यांच्याकडे तीच सहा गरीब मुलं. वसंतात बायसनची वासरं जन्मतात तेव्हा पिवळसर तांबूस असतात. त्या कोवळ्या कातड्याची पांघरुणं वस्तीतल्या मुलांना मिळत. या सहा जणांच्या आईबापांनी ती दिली नाहीत. बाकीची पोरं पिवळी पांघरुणं मिरवत, हे जुन्या तपकिरीत, आणि सगळे यांना हसत. सहाही जण रुसून आकाशात गेले. म्हणून वसंतात, माळावर पिवळी वासरं असतात तेव्हा, कृत्तिका आकाशात दिसत नाहीत. वासरं मोठी होऊन तपकिरी झाली की त्या परत येतात. खगोलशास्त्र पक्कं आहे : मे महिन्यात सूर्य कृत्तिकांत असतो, त्या दिसणारच नाहीत. टिपीच्या काळ्या रंगवलेल्या माथ्यावर पांढऱ्या ठिपक्यांत त्या काढलेल्या असतात, एका बाजूला कृत्तिका, दुसऱ्या बाजूला सप्तर्षी. रात्री सप्तर्षी किती फिरले त्यावरून वेळ ओळखत.

दादरहून परतताना माझ्या डोक्यात ही सहा मुलं होती. नातवाच्या वर्गात चौतीस मुलं. त्यातली काही पंचवीस टक्के राखीव जागांवरची. एकाचे वडील आमच्याच सोसायटीत वॉचमन आहेत. मागच्या वर्षी साडेचारशेचा पोशाख आणता आला नाही म्हणून तो संमेलनाच्या दिवशी 'आजारी' होता. सकाळी मी त्याला गेटवर वडिलांच्या खुर्चीत बसून सुपारी एवढा चेंडू भिंतीवर आपटताना पाहिलं होतं.

मी वर्गशिक्षिकेला भेटायला गेले, मनात भांडण तयार ठेवून. ती निघाली माझीच विद्यार्थिनी, १९९६ची बॅच. "बाई, तुमचा मास्लो अजून पाठ आहे," म्हणाली. मग भांडण कसलं. मी तिला दाराची गोष्ट सांगितली, कृत्तिकांची सांगितली, आणि मुकुटाचीही सांगितली. ब्लॅकफूट लोकांचा जुना मुकुट सरळ उभ्या पिसांचा असतो, सिनेमातल्यासारखा मागे पसरलेला नव्हे. पण तो कसा दिसतो हा मुद्दाच नाही, तो कुणी घालायचा हा आहे. मुकुट असो, टिपीवरचं चित्र असो, गाणं असो, त्याचा हक्क आधीच्या मालकाकडून विधी करून, मोल देऊन घ्यावा लागतो. आपल्या गावच्या जत्रेत पालखीला पहिला खांदा कुणाचा, हे जसं ठरलेलं असतं, आणि दुसऱ्याने लावला तर डोकी फुटतात, तसंच ते. मान आपल्याला कळतो. त्यांचाही असेल हे लक्षात येत नाही.

क्रोफुटने १८७७ साली ब्रिटिश राणीच्या सरकारशी करारावर खूण केली. त्याचा चामड्याचा सदरा, पायांवरचे पट्टे, मण्यांच्या पिशव्या, घोड्याचा चाबूक असं साहित्य इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या संग्रहालयाने १९०४मध्ये दहा पौंडांना विकत घेतलं. सिक्सिकांना ते परत मिळायला २०२२ साल उजाडलं. आमच्या ड्रेपरीवाल्याकडे अनामत निदान संध्याकाळी परत मिळते.

शिक्षिका म्हणाली, मग मुलांनी करायचं काय? मुख्याध्यापकांनी दोन अटी घातल्या होत्या : चार मिनिटं, आणि पालकांचा खर्च वाढता कामा नये. मी म्हटलं, दगड करू.

कॅलगरीच्या दक्षिणेकडच्या ओकोटोक्स गावाच्या पश्चिमेला सपाट माळावर एक प्रचंड दगड पडलाय, मधोमध फुटलेला, तीन मजली चाळीएवढा उंच, साडेसोळा हजार टनांचा. हिमयुगात हिमनदीने डोंगरातून वाहून आणून तिथे टाकला, असं भूगर्भशास्त्र सांगतं. ब्लॅकफूट सांगतात ते असं. नापी म्हणजे म्हातारबा, ज्याने जग केलं आणि जो लबाडही आहे, तो एकदा उन्हाने दमून या दगडावर टेकला. खूश होऊन आपली घोंगडी त्याने दगडाला देऊन टाकली. थोड्या वेळाने आभाळ भरून आलं, पाऊस सुरू झाला. नापी म्हणाला, जरा घोंगडी दे. दगड देईना. नापीने ओढून घेतली आणि चालता झाला. मागे गडगडाट ऐकू आला म्हणून बघतो तर दगड घरंगळत पाठीशी. नापी पळतोय, दगड पाठलाग करतोय. बायसन आडवे आले, हरणं आडवी आली, चिरडली गेली. शेवटी वटवाघळांनी झेपा घेतल्या, थेट दगडावर आपटली, आणि त्यातल्या एकाच्या धडकेने दगडाचे दोन तुकडे झाले. तेव्हापासून वटवाघळाचं नाक चपटं. ही गोष्ट ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतात, दगडाच्या वाटेवरही ती लिहिलेली आहे, म्हणून ती घ्यायला मला संकोच वाटला नाही.

गोष्टीत ढग येतो, हे प्रामाणिकपणे कबूल करते. पण रंगमंचावर तो नव्हता, त्याचा आवाज तेवढा स्टीलच्या परातीवर काढला होता.

सूत्रसंचालनाच्या कागदावर पहिलं वाक्य होतं : 'अमेरिकेत पूर्वी रेड इंडियन नावाचे लोक राहत होते.' मी 'होते' खोडून 'आहेत' केलं. शिक्षिकेने भुवया उंचावल्या. तिचा दोष नाही, मलाही कॅलगरीला जाईपर्यंत 'होते'च वाटायचं, आणि तसं वाटावं यासाठी कष्टही खूप घेतले गेले. १८३७च्या देवीच्या साथीत त्यांची निम्म्याहून अधिक माणसं गेली. बायसन मारून संपवले, आणि १८८३-८४च्या हिवाळ्यात मोंटानात सुमारे सहाशे जण उपासमारीने मेले. त्यानंतर शाळा आल्या. मुलांना आईबापांपासून तोडून वसतिशाळांत ठेवलं, केस कापले, स्वतःची भाषा बोललं तर शिक्षा. कॅनडाभर सर्व जमातींची मिळून सुमारे दीड लाख मुलं या शाळांतून गेली. सरकारने २००८मध्ये संसदेत माफी मागितली. माणसं साथीने नेली, गोळ्या सैनिकांनी घातल्या, पण हे काम खडू हातात धरणाऱ्यांनी केलं. मी त्याच धंद्यात होते, म्हणून मला ते जास्त टोचतं. दाराशी झटणाऱ्या पोराला अर्धा तास देणाऱ्यांच्या मुलांवर शिट्टी, रांग आणि छडी आली.

तरी 'आहेत'. सिक्सिकांच्या वस्तीवरची ओल्ड सन ही वसतिशाळा १९७१ला बंद झाली. त्याच इमारतीत आता त्यांचं स्वतःचं महाविद्यालय आहे. मोंटानात ब्राउनिंग गावी डॅरेल किप आणि सहकाऱ्यांनी १९८७मध्ये पीगन (म्हणजे पिकानीच) इन्स्टिट्यूट ही भाषा जपणारी संस्था काढली, आणि पुढे अशी शाळा, जिथे मुलं दिवसभर ब्लॅकफूट भाषेतच बोलतात. २०१६च्या एप्रिलमध्ये कॅनडातल्या एल्क आयलंड उद्यानातून ऐंशीहून अधिक बायसनची वासरं ट्रकमधून मोंटानात त्यांच्या भूमीवर आली. ज्या कळपातून ती आली, त्याचे पूर्वज शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच माळावरून गेलेले.

संमेलन झालं ते असं. नापी झाला वॉचमनचा मुलगा, कारण वर्गात सगळ्यांत जोरात पळतो तोच. घोंगडी त्याच्या आजोबांची, साताऱ्याहून आलेली, खरीखुरी. बायसन म्हणून नऊ मुलं तपकिरी उशांची खोळ पाठीवर बांधून. माझ्या नातवाची चादर आमच्याकडे लादी पुसायला निघालेली होती, तिच्यात आणखी दोन उशा कोंबल्या. कुणाचा एक रुपया खर्च झाला नाही. पहिलं वाक्य निवेदिकेने ऐन वेळी 'होते'च वाचलं. मग थांबली, कागद बघितला, आणि माइकवर "सॉरी, आहेत" म्हणाली. लोक हसले. मला ते चाललं.

दगडाने तिसऱ्या मिनिटाला घरंगळायला सुरुवात केली आणि चष्मा पडला म्हणून मध्येच थांबला. चादरीतून हात बाहेर निघेना. पहिल्या रांगेतून त्याची आई उठली. मी तिचा पदर धरला आणि तिला खाली बसवलं. सबंध सभागृह बघतंय, वटवाघळं पंख पसरून थांबलीत, नापी पळायचा थांबून मागे बघतोय. दगडाने चादरीला आतून भोक पाडलं, एक हात काढला, चष्मा चाचपून शोधला, पुसला, लावला आणि पुन्हा घरंगळू लागला. किती वेळ गेला मला ठाऊक नाही. मुख्याध्यापक घड्याळ बघत होते. आपल्या छायाचित्रकाराने टिपलंय ते नेमकं त्याच वेळचं असावं, कारण चादरीच्या डाव्या बाजूला ते भोक दिसतंय.

छायाचित्राखालच्या ओळीत फक्त दोन शब्द बदलायचे आहेत : 'ढग'च्या जागी 'दगड', आणि 'छत्र्या'च्या जागी 'वटवाघळं'. खुलासा छापलात तर कृपया बुधवारी छापा. मंगळवारी त्याची घटक चाचणी आहे, त्या दिवशी शाळेत पेपर कुणी बघत नाही.

आपली,
एक निवृत्त अध्यापिका,
गोरेगाव (पूर्व), मुंबई